उजवीकडचे शून्य

परवा आमच्या नववीतल्या चिरंजीवांनी बीजगणितात भोपळा घरी आणला. गणित असे : पन्नासच्या आणि वीसच्या नोटा मिळून हजार रुपये, समीकरण मांडा. चिरंजीवांनी पन्नासच्या नोटा क्ष, वीसच्या य मानून लिहिले : य = ५० − ५क्ष/२. चोख! वीस वर्षे कॅश मोजतोय मी. पण बाईंचा लाल शेरा : ‘सामान्य रूपात नाही. ०.’

सामान्य रूप म्हणजे अ·क्ष + ब·य + क = ०. अ आणि ब दोघेही एकदम शून्य नकोत, बस्स. म्हणजे ५क्ष + २य − १०० = ०. अहो, पण नवरदेव तोच ना? फेटा बांधला काय नि टोपी घातली काय! शिवाय काही पुस्तके शंभराला उजवीकडेच बसू देतात. म्हणजे रूप ठरवणाऱ्यांतच एकमत नाही, आणि भोपळा मात्र आमच्या पोराला.

मी रूपाच्या विरोधात नाही. कॉमर्सचा पदवीधर आहे. रकान्याचे मोल जाणतो. रात्री चिरंजीवांना म्हटले, नोटा एकूण पस्तीस समज. क्ष + य = ३५. क्षखाली क्ष, यखाली य मांड. खालच्याची दुप्पट कर, वरच्यातून वजा कर. ३क्ष = ३०. पन्नासच्या दहा, वीसच्या पंचवीस. कॅश टॅली! आणि आलेखातली क्ष = ५ ही उभी रेषा ‘य बरोबर अमुक’ अशी लिहून दाखव; जन्मात जमणार नाही. सामान्य रूपात यच्या आधी शून्य ठेवले, की मुकाट बसते.

“बाबा, हे आधी का नाही सांगितलं कुणी?”

माझे भांडण एवढेच आहे. रूप जरूर मागा, पण का ते सांगा. कारण न सांगता मागितलेले रूप म्हणजे गणित नव्हे, ती कचेरी. बरोबर उत्तराला भोपळा दिला, की पोर रूप शिकत नाही. गणिताला भ्यायला मात्र शिकते.

हेच बाईंना सुनवायला निघणार होतो. तेवढ्यात काउंटरवर एक आजोबा आले. फॉर्म नीट भरलेला, फक्त सही चौकटीबाहेर. मी सवयीने परत ढकलला.

“का हो साहेब?”

चौकटीबाहेरची सही स्कॅन होत नाही, हे मला ठाऊक होते. वीस वर्षांत कुणाला सांगितले मात्र नव्हते. त्या दिवशी सांगितले. आजोबांनी हसत दुसरा फॉर्म भरला.

बाईंकडे उद्या जाईन. आज तोंड नाही.