बांबूची टोपली, ‘जपानी स्वभाव’ आणि पाटणचे खोरे (थ्रेड)

जपानी बांबूकलेची छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरू लागली की त्यांखाली एक वाक्य हमखास येते : ‘जपानी माणूस मुळातच श्रमाची पूजा करणारा, आपल्याकडे ती वृत्तीच नाही.’ वाक्य ऐकायला गोड आहे आणि इतिहास म्हणून खोटे आहे.

१९६७ साली जपानने बेप्पूचे शोनो शोउन्साई यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. बांबूकामासाठी तो मिळवणारे ते पहिलेच. त्याच वर्षी ११ डिसेंबरला पाटण तालुक्यातील कोयनानगर भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि या खोऱ्याचे नाव देशभर गेले. याच खोऱ्यात तांदूळ धुवायला रोवळी, धान्याला कणगी, पावसात इरले लागत असे. ती विणणाऱ्यांपैकी एकाचे तरी नाव शालेय इतिहासाला ठाऊक आहे काय?

जपानातही टोपली पूर्वी निनावीच होती. एकोणिसाव्या शतकात ओसाकात काम करणारे हायाकावा शोकोसाई आपल्या टोपल्यांवर नाव कोरू लागले, आणि वस्तूला कर्ता मिळाला. १९२७ मध्ये सरकारी कलाप्रदर्शनात हस्तकलेचा विभाग उघडला. पुढे १९५० चा सांस्कृतिक वारसा कायदा आला, १९५४ ची दुरुस्ती आली. ठेवा ठरलेल्या कलावंताला विद्या पुढे देण्यासाठी वर्षाला २० लाख येन मिळतात; बेप्पूत सरकारी प्रशिक्षणशाळा आहे. यात स्वभाव कोठे आहे? श्रमपूजेचेच म्हणाल, तर त्याच जपानात चामडे कमावणाऱ्यांना शतकानुशतके अस्पृश्यांसारखे दूर ठेवले गेले. कायद्याने तो भेद १८७१ मध्ये मिटवला. समाजाने इतक्या तत्परतेने नव्हे.

दख्खनने तरी श्रमाचा गौरव केलाच नाही असे कोठे आहे? बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणांत मेदार केतय्या हे बांबूकाम करणारे वचनकार होते. महाराष्ट्रातील बुरूड समाज त्यांना केतय्या स्वामी म्हणून वंदन करतो. परंतु विणकामाला जात चिकटली. सूप बारशाला लागते, दुरडी लग्नाला, बांबूची तिरडी अखेरीस. विणणारा मात्र मानाच्या पंगतीबाहेरच राहिला.

वर कायद्याचा फास. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने बांबूला ‘झाड’ या व्याख्येत बसवले. वस्तुतः बांबू गवताच्या कुळातला. पण तो तोडणे आणि वाहून नेणे परवान्यांत अडकले. वनाबाहेर वाढलेला बांबू त्या व्याख्येतून सुटला तो थेट २०१७ साली, म्हणजे न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात जपानी बांबूकलेचे प्रदर्शन भरले त्याच वर्षी. वनातला बांबू वन अधिनियमाच्या कक्षेत तसाच राहिला, आणि पाटणच्या डोंगरांचा मोठा भाग कोयना अभयारण्यात मोडतो. रोवळी विणणाऱ्याने बांबू आणायचा कोठून, हा प्रश्न वृत्तीचा नव्हे.