चिंचेवरची बावली आणि सायप्रसच्या गुहा

आमच्या परसातल्या चिंचेवर वटवाघळं लटकतात. शेजारच्या अक्का त्यांना ‘बावली’ म्हणतात, आमच्या सासूबाई ‘वाघळं’. पण सकाळी झाडाखाली उष्टे पेरू दिसले की दोघींचं एकमत होतं. परवा अक्का म्हणाल्या, “वहिनी, एकदा झाडाखाली धूर घालून बघूया की. जातील सगळी.”

धूर म्हटल्यावर मला सायप्रस आठवलं.

भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाचं हे बेट ९,२५१ चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या दोन-तृतीयांशाहून थोडं मोठं. तेवढ्यात वटवाघळांच्या सुमारे वीस जाती नांदतात, कारण तिथली जमीनच जागोजाग बदलते. मध्यभागी त्रूदोसचा डोंगर १,९५२ मीटर उंच. हिवाळ्यात त्यावर बर्फ पडतं. तिथल्या पाइनच्या रानात झाडांच्या ढोलीत राहणारी वटवाघळं आहेत. नाकावर घोड्याच्या नालेसारखी कातडी असलेली जात गुहांत, पडक्या घरांत आणि तांब्याच्या जुन्या खाणींत राहते आणि झुडपांमधून खालून उडते. याउलट लांब शेपटीची एक जात कड्यांच्या फटीत राहते, पण शिकार करते ती उंच मोकळ्या आभाळात. गावात दिव्याच्या खांबाभोवती किडे टिपणारी चिमुकली पाकोळी तर आपल्याकडच्यासारखीच. उन्हाळ्यात तिथे पाऊस जवळजवळ नसतोच. मग तळ्या-धरणांवरून उडता उडता ही मंडळी पाण्याला तोंड लावतात.

पण खरी गोष्ट आहे ती फळं खाणाऱ्या वटवाघळाची. ‘इजिप्शियन फ्रूट बॅट’ हे त्याचं नाव. युरोपीय संघाच्या देशांपैकी सायप्रसमध्ये ते रानात आढळतं. आपलं चिंचेवरचं मोठं वटवाघूळ वाट शोधतं ती डोळ्यांनी. हे मात्र जिभेने टक्-टक् आवाज काढतं आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट ओळखतं. म्हणून ते काळोख्या गुहेत राहू शकतं. नेमकी ही गुहाच त्याला भोवली.

विसाव्या शतकात तिथल्या सरकारने त्याला बागांचा शत्रू ठरवलं. मारणाऱ्याला बक्षीस मिळे. गुहेत विषारी धूर सोडत. आता गुहेत काही ते एकटं नसतं. त्याच छताला किडे खाणाऱ्या जातीही लटकत असतात, आणि धूर काही फळखाऊ कोण, किडेखाऊ कोण, हे विचारत नाही. शिवाय ते खातं ती बहुतेक पिकून मऊ झालेली फळं: अंजीर, तुती, रस्त्याकडेच्या बकाण निंबाची बोंडं. बाजारासाठी फळ त्याआधीच उतरवतात. म्हणजे गुन्हा केवढा आणि शिक्षा केवढी!

सायप्रस २००४ मध्ये युरोपीय संघात आलं आणि या वटवाघळाला तिथल्या कायद्याचं कडक संरक्षण मिळालं. पण मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं. एकदा रिकामी झालेली गुहा लवकर भरत नाही. त्यात १९७४ पासून बेटाचे दोन तुकडे, इकडे ग्रीक, तिकडे तुर्की. गुहा दोन्ही बाजूंना आहेत. सीमा म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको.

गुहेवर जीव अवलंबून असणं म्हणजे काय, हे आपल्याच खानापूर तालुक्यात दिसतं. राऊटन्स फ्री-टेल्ड बॅट या दुर्मीळ वटवाघळाची १९१३ मध्ये शास्त्रात नोंद झाली ती तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमधून. पुष्कळ वर्षं जगात त्याचा तेवढाच पत्ता ठाऊक होता. तिथे कुणी असा धूर सोडला असता तर?

अक्कांना मी हे सगळं चहा घेताना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “असू दे मग. पेरूला पिशव्या बांधूया.” रविवारी आम्ही दोघींनी जुन्या साड्यांच्या चाळीस पिशव्या शिवल्या. वरच्या फांदीचे पेरू तसेच उघडे ठेवलेत. तिथवर शिडीही पोचत नाही. सासूबाईंना अजून वाटतं, झाड तोडायलाच हवं होतं.