कोणत्या बाईबद्दल बोलतोय आपण?

यंदाच्या अंकाचा विशेष विभाग जात, लिंगभाव आणि लैंगिकता या विषयाला दिला आहे. विषय ठरला तेव्हाच एक नाव पक्कं झालं होतं : शर्मिला रेगे. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं आणि १३ जुलै २०१३ रोजी, वयाची पन्नाशीही न गाठता, त्या कर्करोगाने गेल्या. आज स्त्रियांविषयी अभ्यासपूर्ण बोलणारा माणूस 'कोणत्या जातीची स्त्री?' हा प्रश्न टाळू शकत नाही. त्याचं मोठं श्रेय रेगे यांना आहे.

त्यांचा लावणीवरचा निबंध १९९५चा. लावणी हा आपल्या अभिमानाचा विषय. तिच्या ठेक्यावर आणि शृंगारावर आपण भरभरून लिहितो. रेगे यांनी विचारलं, ही सदा आसुसलेली बाई घडवली कोणी, आणि ती कोणाच्या सोयीची होती? पेशवाईत कुणबिणी आणि बटकी म्हणून राबवल्या जाणाऱ्या, खालच्या मानलेल्या जातींतल्या बायकांचे श्रमही वापरले जात आणि शरीरही. जिच्यावर बळजबरी होते तिलाच भूक आहे, असं गाण्यातून ठसवलं की बळजबरी दिसेनाशी होते. तिच्यासमोर उभी केली जाते ती घरंदाज घरातली पतिव्रता. एकीचं शील आणि दुसरीची बदनामी एकाच व्यवस्थेने जन्माला घातली. हा निबंध वाचल्यावर फडावरची लावणी पूर्वीसारखी ऐकता येत नाही, आणि येऊही नये.

१९९८ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त त्यांचा दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीवरचा, म्हणजे दलित स्त्रीच्या जागेवरून जग पाहण्याच्या दृष्टीवरचा, लेख आला. सत्तरच्या दशकातल्या स्त्रीचळवळीने 'स्त्री' म्हणताना सवर्ण स्त्री गृहीत धरली आणि दलित चळवळीने 'दलित' म्हणताना पुरुष, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. 'दलित स्त्रियांचं दलित स्त्रिया बोलतील' म्हणत बाजूला होणं त्यांना मान्य नव्हतं. ती त्यांना जबाबदारीतून काढलेली पळवाट वाटत होती. दलितेतर स्त्रीवाद्यांनी ही भूमिदृष्टी अभ्यासाने, स्वतःला बदलत कमवावी, असं त्यांचं म्हणणं. यावर वाद झाला. छाया दातार यांनी त्याच साप्ताहिकात आक्षेप घेतले, रेगे यांनी उत्तर दिलं. दुसऱ्याच्या वेदनेवर आपण हक्क सांगतोय का, ही शंका आजही रास्त आहे. पण गप्प राहण्यापेक्षा हा धोका पत्करणं बरं, असं आम्हाला वाटतं.

'रायटिंग कास्ट / रायटिंग जेंडर' हे त्यांचं २००६चं पुस्तक मराठी वाचकाला सर्वांत जवळचं वाटावं. त्यात आठ दलित स्त्रियांची आत्मकथनं आहेत : शांताबाई दाणी, मुक्ता सर्वगोड, बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, कुमुद पावडे, ऊर्मिला पवार, विमल मोरे आणि जनाबाई गिऱ्हे. समीक्षेने ही पुस्तकं दुःखाच्या कहाण्या म्हणून वाचली आणि हळहळून मिटवली. रेगे यांनी ती साक्ष म्हणून वाचली. एका बाईच्या तोंडून अख्ख्या वस्तीचा आणि आंबेडकरी चळवळीचा इतिहास बोलतो, आणि घरातल्या पुरुषाचा हिशेबही चुकत नाही. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' अनेक वर्षं घरच्यांपासून लपवून लिहिलं. बाहेर माणुसकीसाठी लढणाऱ्या समाजातला सुनांचा छळ त्यांनी झाकला नाही. विद्यापीठात सिद्धान्त म्हणून जे शिकवायचं ते इथे आधीच लिहिलेलं आहे, हे रेगे यांनी ओळखलं.

वर्गातही त्या तशाच. खेड्यातून, मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना इंग्रजीच्या भिंतीआड ठेवायचं नाही, म्हणून शिकवणं दोन्ही भाषांत. २००९मध्ये केंद्राने दलितांच्या खाण्याच्या इतिहासावर आणि आठवणींवर एक पुस्तक काढलं, तेही वर्गातल्या कामातून उभं राहिलेलं. 'महाराष्ट्रीय जेवण' म्हणून छापल्या जाणाऱ्या ताटात कोणाच्या घरचं काय कधी वाढलंच गेलं नाही, हे त्यात दिसतं. दिवाळी अंकांच्या पाककृतींच्या पानांनाही हा प्रश्न लागू आहे, आमच्यासकट.

शेवटचं मोठं काम बाबासाहेबांवरचं. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात पंचविशीतल्या आंबेडकरांनी सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह ही जात टिकवण्याची साधनं असल्याचं दाखवलं होतं. स्त्रीवादाने हे लेखन बाजूला ठेवलं होतं. रेगे यांनी ते ब्राह्मणी पितृसत्तेच्या चिकित्सेचा पाया म्हणून २०१३ साली इंग्रजीत संपादित केलं.

त्यांचं बरंचसं महत्त्वाचं लेखन इंग्रजीत आहे आणि ते सोपं नाही. पण ज्या आठ पुस्तकांवर त्या उभ्या राहिल्या, ती मराठीतच लिहिली गेली. तुमच्या गावच्या वाचनालयात त्यांतलं एकही नसेल, तर या दिवाळीत ग्रंथपालांना ते मागवायला सांगा.