तासाला एक पोस्टकार्ड

परवा जेवणं झाल्यावर बायकोने लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाली, "वाच." एका हस्तकला प्रदर्शनाचा फॉर्म होता. चार दिवस, आठ बाय आठचा स्टॉल, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन दिवे, एक प्लग पॉइंट. भाडं गेल्या वर्षीपेक्षा चार हजारांनी जास्त. फॉर्म भरायची शेवटची तारीख रविवार.

"भरू का?"

आता या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' इतकंच असायला हवं. पण आमच्या घरी त्यावर तीन दिवस चर्चा चालू आहे. म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. बायको जलरंगात जुने वाडे रंगवते. रविवारी सकाळी घडीचं स्टूल आणि पाण्याची बाटली घेऊन कसब्यात नाहीतर सदाशिव पेठेत जाऊन बसायचं, उन्हं वर आली की परत यायचं. जवळजवळ दोन वर्षांपूर्वी तिने इंटिरियर फर्ममधली नोकरी सोडली. तेव्हा आमचं ठरलं होतं, दोन वर्षं बघू. जमलं तर उत्तम, नाही तर परत नोकरी. ती दोन वर्षं येत्या मार्चमध्ये संपतायत. त्यामुळे हा फॉर्म नुसता स्टॉलचा नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. बोलत कुणीच नाही.

तर गेल्या वर्षी आम्ही याच प्रदर्शनात स्टॉल घेतला होता. मी दोन दिवस रजा टाकली, गुरुवार ते रविवार दोघंही तिथेच. सकाळी दहा ते रात्री नऊ. रविवारी रात्री सामान आवरताना पाय मोडून आले होते, पण मूड झकास होता. डबाभर नोटा, फोनवर दिवसभर यूपीआयची टिंगटिंग. 'हिट झालो' असंच वाटत होतं.

मग सोमवारी मी एक्सेल शीट उघडली. (इंजिनियरला आनंद फार काळ सहन होत नाही.)

एकूण विक्री ३८,३९० रुपये. एक मूळ चित्र ६,५०० ला. प्रिंट्स २७, प्रत्येकी ३५० ने, म्हणजे ९,४५०. पोस्टकार्डं २१२, चाळीस रुपयांना एक, म्हणजे ८,४८०. फ्रिज मॅग्नेट ११८, शंभर रुपयांना एक, म्हणजे ११,८००. बुकमार्क ७२, म्हणजे २,१६०.

खर्च: भाडं, जादा दिवे आणि जादा टेबल धरून १९,५००. विकलेल्या मालाची छपाई आणि फ्रेमिंग ७,४००. पॅकिंग ९००. टेम्पो-रिक्षा २,६००. चहा-जेवण १,५००. एकूण ३१,९००. हातात उरले ६,४९०.

वाईट नाही, असं म्हणून मी शीट बंद करणार होतो. मग सवयीने तासांचा कॉलम टाकला. चार दिवस, रोज अकरा तास, दोन माणसं, म्हणजे ८८ तास. त्याआधीची तिची तयारी, कटिंग, पॅकिंग, लेबलं, निदान ६० तास. एकूण १४८. भागाकार केला तर तासाला चव्वेचाळीस रुपयेसुद्धा पुरते येत नव्हते. म्हणजे तासाला एक पोस्टकार्ड! आणि यात चित्रं काढायला लागलेला वेळ धरलेलाच नाही.

प्रदर्शनात भेटलेल्या बहुतेक कलाकारांनी हा कॉलम कधीच टाकलेला नसतो. विचारलं तर म्हणतात, "भाडं निघालं ना, मग झालं." अहो, पण भाडं निघालं म्हणजे आयोजकांचा धंदा झाला, तुमचा नाही. आपण ऑफिसात अर्धा तास जास्त बसलो तरी कंपऑफ मागतो. आणि इथे अख्खा माणूस चार दिवस फुकट उभा राहतो, त्याला 'हौस' म्हणायचं?

यावर ठरलेलं उत्तर असतं, "पैसे नाही, पण नाव होतं. लोकांना कळतं." गंमत म्हणजे हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा आयोजकांच्या तोंडी ऐकू येतं. त्यात त्यांचा दोष नाही. मैदान, मांडव, वीज, सिक्युरिटी, जाहिरात, सगळ्याचे पैसे त्यांना आधी मोजावे लागतात, म्हणून ते तुमच्याकडून आधी घेतात. पण व्यवहार नीट पाहा. पाऊस आला, मॅच आली, तुमचा स्टॉल खाऊगल्लीच्या मागे गेला, तरी त्यांचं भाडं वसूल झालेलं असतं. जोखीम सगळी टेबलाच्या अलीकडे. याउलट एखाद्या दुकानात चित्र ठेवलं तर दुकानदार तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त कापून घेतो. आपण त्याला लुटारू म्हणतो, पण चित्र विकलं नाही तर त्यालाही काही मिळत नाही. दोन्ही सौदे ठीक आहेत. फक्त जोखीम कुणाच्या डोक्यावर आहे, एवढं सही करण्याआधी कळलेलं बरं.

दिल्ली हाटची पद्धत मला म्हणूनच आवडते. १९९४ साली दिल्लीत आयएनएजवळ हा कायमचा बाजार सुरू झाला. तिथे कारागिरांना पंधरा-पंधरा दिवसांसाठी आळीपाळीने, माफक भाड्यात गाळे देण्याची पद्धत ठेवली गेली. म्हणजे जागा कायमची, माणसं बदलती. एखादा दिवस वाईट गेला तरी पुढचे चौदा हातात. आपल्या चार दिवसांच्या प्रदर्शनात शनिवारची संध्याकाळ गेली की सगळं गेलं. अर्थात सरकारी पाठबळ असल्यावर जे जमतं ते खासगी आयोजकाला जमेलच असं नाही, हेही खरं.

असो. मूळ मुद्दा वेगळाच आहे, आणि तो मला एक्सेलमध्ये दिसला नाही.

ते ११८ मॅग्नेट कसले होते सांगतो. पुणेरी पाट्यांचे. 'येथे दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये' या छापाचे. कल्पना माझी, मजकूर माझा, अक्षरं तिची. लोक वाचून खिदळत होते, मित्रांना बोलावून दाखवत होते, पाच-पाच घेऊन जात होते. शनिवारी संध्याकाळी स्टॉलवर तीन रांगा खोल गर्दी होती आणि मी स्वतःवर जाम खूष होतो. पुढच्या दोन महिन्यांत ऑफिसातल्यांनी, सोसायटीतल्यांनी, बहिणीच्या सासरच्यांनी ऑर्डरी दिल्या. मी शीटमध्ये नवीन टॅब उघडून 'वर्षाला किती मॅग्नेट काढले तर घर चालेल' याचं गणित मांडलं आणि तिला दाखवलं. आकडा अशक्य नव्हता.

तिने शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "आणि मग मी चित्रं कधी काढू?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन महिन्यांत ती एकाही रविवारी पेठेत गेली नव्हती. घडीचं स्टूल बाल्कनीत मॅग्नेटच्या खोक्याखाली होतं.

मोठ्या गर्दीच्या प्रदर्शनाचा धोका हाच आहे. तोटा झाला तर माणूस पुढच्या वर्षी जात नाही, विषय संपला. पण थोडा नफा झाला, आणि तो चुकीच्या वस्तूवर झाला, तर ती वस्तू हळूहळू तुमचा ताबा घेते. गर्दीत उभा असलेला माणूस दहा सेकंदांत ठरवतो आणि शंभर-दोनशे रुपये सहज काढतो. त्या दहा सेकंदांत बसेल तेच विकलं जातं. वाड्याच्या दिंडी दरवाजावर पडलेली तिरपी उन्हं दहा सेकंदांत बसत नाहीत.

बाजारासाठी कला बदलली की ती बिघडतेच, असं मात्र मला अजिबात म्हणायचं नाही. भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराचंच उदाहरण घ्या. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात पुपुल जयकरांनी त्यांना मधुबनीला पाठवलं. भिंतींवर चित्रं काढणाऱ्या तिथल्या बायकांच्या हातात त्यांनी कागद दिला, म्हणजे चित्रं विकता येतील आणि घरात चार पैसे येतील. पुढे १९७५ साली त्यांच्यातल्याच जगदंबादेवींना पद्मश्री मिळाली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेच कुलकर्णी आपल्याकडे वारली पाड्यांवर गेले. लग्नाचा चौक लिहिणं तोवर मुख्यतः सुवासिनींचं काम. जिव्या सोमा मशे यांनी कागदावर रोज, स्वतःच्या मनातलं काढायला सुरुवात केली, जगभर त्यांची प्रदर्शनं झाली आणि २०११ मध्ये त्यांनाही पद्मश्री मिळाली. भिंतीवरून कागदावर येणं हा बाजारासाठीच केलेला बदल होता. पण त्या कागदावर मशेंना मासेमारीचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, जे हवं ते काढायला जागा मिळाली. आणि त्याच वारलीचा तारपा नाच आज कोस्टरवर, कुर्त्यावर आणि मोबाइलच्या कव्हरवर शिक्का मारल्यासारखा दिसतो. बाजार एकच. एका ठिकाणी त्याने जागा मोकळी करून दिली, दुसऱ्या ठिकाणी ती एका शिक्क्याएवढी करून टाकली. आपल्या बाबतीत तो यातलं काय करतोय, हे ज्याचं त्यानेच बघायचं.

आता शीटचा शेवटचा भाग. प्रदर्शनानंतर तीन महिन्यांत तिला दोन मोठी कामं आली. एका आजोबांचा वाडा पाडून तिथे इमारत झालीये, त्यांच्याकडे एक फोटो होता, त्यावरून चित्र हवं होतं. त्याचे ९,००० मिळाले. दुसरं काम एका आर्किटेक्टचं, त्यांच्या ऑफिससाठी चार चित्रं, २६,०००. म्हणजे चार दिवसांच्या निव्वळ नफ्याच्या पाचपट रक्कम, आणि तीसुद्धा वाड्यांवर.

ही दोघं कधी भेटली होती? गुरुवारी दुपारी. स्टॉलवर चिटपाखरू नव्हतं, मी वैतागून चहाला गेलो होतो, आणि ती त्या आजोबांशी अर्धा तास वाड्यातल्या विहिरीबद्दल बोलत बसली होती. मी परत आल्यावर विचारलं, "काही घेतलं का त्यांनी?" ती म्हणाली, "नाही, कार्ड घेतलं." मी मनात म्हटलं, अर्धा तास गेला! शनिवारच्या गर्दीत तेच आजोबा आले असते तर माझ्या मॅग्नेटच्या रांगेने त्यांना बाजूला सारलं असतं.

तेव्हा माझं मत असं. डिसेंबरातली भीमथडी असो, १९९९ पासून भरणारा मुंबईचा काळा घोडा महोत्सव असो, की सोसायटीच्या क्लबहाउसमधलं दिवाळीचं प्रदर्शन, 'परवडतं का?' हा प्रश्न अर्धाच आहे. आधी ठरवा, कशासाठी जायचं. विक्रीसाठी जात असाल तर स्वतःचे तास धरून हिशोब करा, आणि आकडा पटला नाही तर सरळ नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. ओळखी व्हाव्यात म्हणून जात असाल तर किती रुपयांची झळ सोसायची ते आधी लिहून ठेवा, आणि टेबलावर तेच ठेवा ज्याबद्दल तुम्हाला अर्धा तास बोलता येईल. आपल्यासारखाच माल किती स्टॉलवर आहे, जागा कुठे मिळणार, पावसाने दिवस बुडाला तर पैसे परत का, अर्धा स्टॉल दुसऱ्याबरोबर वाटून घेता येतो का, हे सगळं फोन करून विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत. आणि घरी आल्यावर शीटमध्ये एक कॉलम वाढवा: पुढच्या रविवारी मी काय काढलं?

आमचं काय ठरलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'चालेल' असं आलं, म्हणून तिने अर्धा स्टॉल घ्यायचं ठरवलंय. उरलेला अर्धा तिची कुंभारकाम करणारी मैत्रीण घेतेय. मूळ चित्रं, प्रिंट्स आणि पोस्टकार्डं. मॅग्नेट नाहीत. जास्तीत जास्त तीन हजारांचा तोटा सोसायचा, हे फ्रिजवर लिहून लावलंय (मॅग्नेट तिथे अजून कामाला येतो :) ). मार्चचं काय, ते मार्चमध्ये बघू. पण निदान तो निर्णय वाड्यांच्या जोरावर होईल, माझ्या पाट्यांच्या नाही.

मला रजा फक्त गुरुवारची टाकायला सांगितलंय. चहा आणायला.