फिट ही बाधा नव्हे, आजार आहे



लागण, खोडवा, हुमणी यांवर आम्ही नेहमी लिहितो. आजचा विषय वेगळा, पण आपल्याच वाड्यावस्त्यांवरचा आहे. फिट, म्हणजे फेफरे किंवा आकडी, या आजारात लपवालपवी आणि अर्धवट औषध यांनीच जास्त नुकसान होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मेंदूचे काम सूक्ष्म विजेच्या लहरींवर चालते. त्यात एकाएकी गोंधळ झाला की माणूस पडतो, हातपाय झटकतो, नाहीतर क्षणभर नुसता टक लावून बसतो. डोक्याला मार, अवघड बाळंतपण, मेंदूज्वर, पक्षाघात ही काही कारणे. फीतकृमीची अंडी पोटात गेली तरी मेंदूत गाठी होतात. ही अंडी उघड्यावरच्या घाणीतून भाजीवर येतात, म्हणून माळकऱ्यालाही धोका आहेच. पुष्कळांत कारण सापडत नाही. म्हणून काही ती भूतबाधा ठरत नाही.

उसाची पाने पिवळी पडली तर आपण आधी विचारतो, लागण कधीची, खत कोणते, पाणी किती. मेंदूविकार तज्ज्ञही तसेच विचारतो. फिट कशी सुरू झाली, किती वेळ चालली, जीभ चावली का? रुग्णाला स्वतःला बहुधा काही आठवत नसते, तेव्हा ज्याने फिट पाहिली त्याने सोबत जावे. मोबाईलवर चित्रण असल्यास उत्तम. मग मेंदूचा आलेख, जरूर तर एम.आर.आय. मात्र आलेख चांगला आला म्हणजे आजार नाही, असे समजू नका.

योग्य औषधाने १०० पैकी सुमारे ७० रुग्ण फिटमुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण गोळी रोज हवी. दोन महिने बरे वाटले की आपण ती सोडतो, आणि तिथेच घात होतो. एकदम सोडली तर जिवावर बेतते. बहुधा दोन वर्षे फिट आली नाही, तर गोळी हळूहळू कमी करायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

जागरणाने फिट उठते. अशा माणसाला रात्रीच्या पाण्याच्या पाळीला धाडू नका. विहीर, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी, गुऱ्हाळाची काहील यांपासून त्याला लांब ठेवा. फिट आली तर कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी घालू नका. कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना गाठा.

तोडणीच्या टोळ्या महिनोन्‌महिने गाव सोडून राहतात, तिथे गोळ्या संपतात. मुकादमांनी उचल देताना हेही विचारावे, आणि फिट येते म्हणून कुणाची कोयता-जोडी मोडू नये. मुलीच्या लग्नाच्या भीतीने आजार झाकणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की फिटचा आजार हिंदू विवाहाच्या आड येणारी कायद्यातली तरतूद १९९९ साली रद्द झाली. कायदा सुधारला, आता आपण सुधारायचे.

कारखान्याने प्रत्येक गट मेळाव्यात अर्धा तास या विषयाला द्यावा, अशी आमची सूचना आहे. सभासदांनी ती उचलून धरावी.

— ऊस विकास अधिकारी