खंगणं हाही आजारच

कर्करोगाचा रुग्ण खंगू लागला की घरच्यांचा आग्रह सुरू होतो : ‘दोन घास जास्त खा, अंगात ताकद येईल.’ आग्रहामागे माया असते. पण रुग्णाची अन्नावरची वासनाच उडालेली असते. घास गिळवत नाही, वर अपराधी वाटतं.

ही झीज साध्या उपासमारीसारखी नसते. २०११ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने तिची व्याख्या केली. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक वजन उतरणं ही तिची एक खूण. ६० किलोच्या माणसासाठी तीन किलो. निव्वळ खाण्यापिण्याने ही झीज पूर्ण भरून येत नाही, असंही त्यांनी नोंदवलं.

त्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या संशोधकांनी उंदरांमधलं चरबी फोडणारं एक एन्झाइम जनुकीय बदलाने काढून टाकलं. शरीरात गाठ असूनही त्यांची चरबी टिकली आणि स्नायूंचाही बचाव झाला. २०१४ मध्ये बोस्टनच्या ब्रूस स्पीगलमन यांच्या चमूने, पुन्हा उंदरांवरच, दाखवलं की गाठीतून स्रवणारं एक प्रथिन चरबीला ऊर्जा साठवण्याऐवजी जाळायला लावतं. म्हणजे ताट भरलेलं असलं, तरी आतला खर्च चालूच राहतो.

आता उपायही दिसू लागले आहेत. मेंदूपर्यंत जाऊन भूक मारणाऱ्या ‘जीडीएफ-१५’ या प्रथिनाला अडवणाऱ्या पॉन्सेग्रोमॅब या औषधाची १८७ रुग्णांवर चाचणी झाली. २०२४ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, सर्वाधिक मात्रा घेणाऱ्यांचं वजन १२ आठवड्यांनी औषध न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २.८ किलोंनी जास्त होतं.

त्याआधीच, २०२३ मध्ये, पुदुच्चेरीच्या जिपमेर या सरकारी संस्थेतून मोलाचं काम पुढे आलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी १२४ रुग्णांच्या चाचणीत ओलान्झापिन हे मानसोपचारातलं जुनं, स्वस्त औषध रोज अवघं अडीच मिलिग्रॅम दिलं. ते घेणाऱ्यांपैकी ६० टक्के रुग्णांचं वजन पाच टक्क्यांहून अधिक वाढलं. दुसऱ्या गटात हे प्रमाण नऊ टक्के होतं. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षी आपल्या मार्गदर्शक सूचनांत या औषधाचा समावेश केला.

भारतात झालेल्या या कामाचा लाभ भारतातल्या प्रत्येक कर्करोग विभागात पोचायला हवा. केमोथेरपीची मात्रा ठरवताना वजन घेतलं जातंच. मागच्या भेटीतला आकडा शेजारी ठेवून पाहायला वेगळा खर्च लागत नाही. घरच्यांनीही दर आठवड्याला वजन लिहून ठेवावं, मनाने औषध सुरू करू नये आणि वजन उतरू लागताच डॉक्टरांना स्पष्ट विचारावं : या खंगण्यावर काय उपचार करणार?