पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे

मैत्रिणींनो, एफडी कोणत्या बँकेत, विम्याचे कागद कुठल्या कपाटात, हे आता आपल्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक असतं. पण नवऱ्याच्या किंवा मुलाच्या मोबाइलमध्ये बिटकॉइन असेल तर? सीताबर्डीच्या बाजारात जुना मोबाइल देऊन नवा घेतला, तेव्हा त्या जुन्याबरोबर काय गेलं, हे घरातल्या बाईला कुठे माहीत असतं?

बिटकॉइन घ्यावं की नाही, हा आजचा विषय नाही. रिझर्व्ह बँकेने २०१३ पासून वेळोवेळी सावध केलं आहे. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के करही लागतो. पण घेतलंच असेल, तर ते घरात एकट्याचं गुपित राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बँकेच्या लॉकरची किल्ली हरवली, तर खर्च घेऊन बँक लॉकर फोडून देते. खातेदार गेला तर नॉमिनी असतो. स्वतःच सांभाळायच्या वॉलेटला यातलं काहीच नाही. त्यात नाणी नसतातच, असते ती किल्ली. वॉलेट सुरू करताना साधारणपणे बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द मिळतात. मोबाइल फुटला, तरी त्या शब्दांवरून दुसऱ्या मोबाइलमध्ये सारं परत आणता येतं. मोबाइलही गेला आणि शब्दही गेले, तर मात्र दाद कुणाकडे मागणार?

आणि शब्द ज्याच्या हाती, पैसा त्याच्या हाती. पुण्यात २०१८ मध्ये बिटकॉइन फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले. तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधली नाणी परस्पर वळवली, असा त्यांच्यावर आरोप आहे.

उलट टोकही वाईटच. अमेरिकेतल्या स्टीफन थॉमस यांची ७००२ बिटकॉइनची किल्ली कुलूपबंद पेनड्राइव्हमध्ये होती, पण पासवर्डची चिठ्ठीच हरवली. दहा वेळा चुकलं की ते कायमचं बंद. २०२१ मध्ये बातमी आली, तेव्हा आठ प्रयत्न संपले होते!

मग करायचं काय? आपल्या बचत गटांची जुनी रीत आठवा. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे. शब्द पेनाने कागदावर, क्रमाने लिहा. दोन प्रती करा, एक घरात, एक लॉकरमध्ये. फोटो काढू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. कॉम्प्युटरवर वॉलेटची फाइल असेल, तर तिला पासवर्डचं कुलूप लावून, म्हणजे एन्क्रिप्ट करून, दोन पेनड्राइव्हवर ठेवा. पासवर्ड लांबलचक हवा आणि तो त्या पेनड्राइव्हपासून दूर ठेवा. नवा मोबाइल घेतला, की आधी त्यात वॉलेट उघडून बघा, मगच जुना पुसून दुकानात द्या. ‘खात्री करायची आहे, शब्द सांगा’ असा फोन आला, तर तो चोरच समजा.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. कागद कुठे आहे, हे घरातल्या दोघांना माहीत असू द्या. घरावर वेळ आली, तर कोर्टाची कागदपत्रं हातात असूनही ते वॉलेट उघडत नाही. तेव्हा ‘तुला काय समजतं यातलं’ असं कुणी म्हणालं, तर गप्प बसू नका. समजून घ्या. विचारायचा हक्क आपला आहे.